दूध बंद केले, पण त्याच्या जागी काय?

महोदय,

बाळाला गायीच्या दुधाची ॲलर्जी निघाली की ‘शेळीचे द्या’, ‘देशी गायीचे ए-टू द्या’, ‘चांगले उकळून द्या’ असे सल्ले सुरू होतात. तिन्ही चुकीचे आहेत. ॲलर्जी असते ती केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन अशा प्रथिनांची. देशी गायीच्या ‘ए-टू’ दुधातही केसीन असतेच; ‘ए-टू’ हा त्याचाच एक प्रकार. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिने त्यांच्याशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना तीही सोसत नाहीत. उकळल्याने केसीन फारसे बदलत नाही. लॅक्टोज-मुक्त दूध तर दुधातली साखर न पचणाऱ्यांसाठी असते. प्रथिने त्यात जशीच्या तशी राहतात.

एक वर्षाच्या आत अंगावरचे दूध चालूच ठेवावे. आईने दुधाचे पदार्थ सोडायचे ते फक्त तिच्या दुधातून बाळाला त्रास होत असेल तरच, आणि मग तिलाही रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. अंगावरचे दूध नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली खास पावडर द्यावी. ती महाग असते, म्हणून कमी घालून पातळ केली तर बाळाचे वजन वाढत नाही. बदामाचे किंवा नारळाचे दूध या वयात मुख्य आहार होऊ शकत नाही.

खरी चूक होते ती वर्षानंतर. ४०० मिलि गायीच्या दुधातून सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाची कॅल्शियमची गरजच ५०० मिलिग्रॅम आहे. आता दहा बदाम वाटून केलेले ‘दूध’ पाहा: प्रथिने दोन-अडीच ग्रॅम, कॅल्शियम जेमतेम ३० मिलिग्रॅम. ३० ग्रॅम नाचणीच्या पिठातून १०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते, पण ते मुख्यतः सालीत असते. फडक्यातून गाळून काढलेल्या पांढऱ्या सत्त्वात ते बरेचसे उरत नाही, म्हणून मोड आणून, भाजून दळलेले पीठच वापरावे. तिळाचा चमचाभर कूट (आधी अगदी थोडा देऊन पाहावा, तिळाचीही ॲलर्जी असते), राजगिऱ्याचे पीठ, डाळ, खात असतील तर अंडी-मासळी, आणि कॅल्शियम घातलेले सोया दूध अशी जोडणी करावी. ते सोया दूध हलवून ओतावे, कारण कॅल्शियम तळाशी बसते. पालकातले कॅल्शियम अंगी लागत नाही. एवढे करूनही बेरीज कमी भरली, तर डॉक्टरांना विचारून कॅल्शियमचे औषध द्यावे, मात्र लोहाच्या औषधाबरोबर नको. खिचडीवर तुपाऐवजी चमचाभर तेल घालावे, नाहीतर उष्मांक घटतात.

शाकाहारी घरात दूध हाच बी-१२चा जवळपास एकमेव स्रोत असतो. दूध थांबवताना बी-१२चे थेंब सुरू करायचे राहून जाते, आणि हे फार उशिरा लक्षात येते.

लपलेल्या दुधाचे काय? घरच्या तुपात बेरीचे कण राहतात. ढोकळा, ताकातली उकड, रवा डोसा, नान, प्रसादाचा शिरा, पाव, बिस्किटे या सगळ्यांत दूध असू शकते. वेष्टनावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीनेट’ हे शब्द शोधावेत. सुट्या मिठाईवर आणि बेकरीच्या मालावर काहीच छापलेले नसते, त्यामुळे ते टाळलेलेच बरे. दुधाची पळी आणि चहाचे गाळणेही वेगळे ठेवावे.

आणि बंदी बहुतेकदा जन्मभराची नसते. शौचात रक्त किंवा शेंब पडणे असा उशिराचा त्रास असेल, तर दोन ते चार आठवडे दूध थांबवून नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते पुन्हा देऊन पाहणे हा निदानाचाच भाग आहे. ही दुसरी पायरी गाळली गेली की ॲलर्जी नसलेली मुलेही वर्षानुवर्षे दुधाविना राहतात. खात्रीची ॲलर्जी असली तरी दर सहा ते बारा महिन्यांनी फेरतपासणी हवी. लगेच गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे असे कधी झाले असेल, तर दूध घरी देऊन पाहू नये, रुग्णालयातच. इतरांना आधी मैद्यात नीट भाजले गेलेले दूध, म्हणजे बिस्किट, मग केक, त्यानंतर पनीर, दही आणि शेवटी साधे दूध. केक सोसला म्हणून दुसऱ्याच दिवशी पेलाभर दूध पुढे करू नये.

— एक बालआहारतज्ज्ञ, पुणे