वस्तरा घेताना आधी धार विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी वस्तऱ्याने दाढी करण्याची हौस हल्ली बऱ्याच तरुणांना लागली आहे. हौसेला मोल नसतं. पण बहुतेकांची ती पहिल्याच खरेदीत मोडते आणि दोष वस्तऱ्याच्या माथी जातो. म्हणून हे पत्र.

ऑनलाइन बाजारात तीन-चारशे रुपयांत वस्तरा, पट्टा, ब्रश असा अख्खा संच मिळतो. रंगीत मूठ, पात्यावर नक्षी, चकचकीत डबी. यातले बहुतेक नग म्हणजे वस्तऱ्याच्या आकाराचा पत्रा. पोलादाला नीट पाणी दिलेलं नसतं (म्हणजे तापवून, थंड करून ते कठीण केलेलं नसतं), त्यामुळे दगडावर कितीही घासा, कड एक तर भुरभुरते नाही तर वळते. केस कापण्याऐवजी ओढला जातो, नवशिक्या हात दाबतो आणि गाल सोलवटतो.

सलूनमध्ये आज दिसतो तो वस्तरा वेगळा. ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं खाचेत सरकवायचं, गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. एकच पातं दहा जणांवर फिरलं तर हेपटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोका, म्हणून सलूनसाठी हीच पद्धत योग्य. घरी शिकायला मात्र तो अधिक कठीण जातो. ब्लेडची कड अतिपातळ, कोपरे टोकदार, पात्याला वजन नाही. कोन जरा चुकला की रक्त. त्यावरून खऱ्या, अखंड पात्याच्या वस्तऱ्याची परीक्षा करू नये.

मग पहिला वस्तरा कसा असावा? पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. या दोहोंपैकी एक घ्यावा. त्याहून रुंद पातं नाकाखाली फिरवताना अडतं. टोक गोल हवं. चौकोनी टोक कानाजवळ हमखास लागतं. पातं दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेलं, म्हणजे मधे आत गेलेलं असावं. पाचरीसारखं जाड पातं दगडावर बसवणं नवख्याचं काम नाही. कार्बन पोलाद गंजतं, पण त्याला धार लवकर चढते. स्टेनलेस गंजाला टिकतं, धार लावायला वेळ घेतं. दोन्ही चालतात.

विकत घेताना वस्तरा मिटून बघा. धार मुठीच्या दोन फळ्यांच्या बरोबर मधे उतरली पाहिजे, एका फळीला घासता कामा नये. मग उघडून काचेवर आडवा ठेवा. पाठ आणि धार दोन्ही टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे मुठीकडच्या टोकापर्यंत, काचेला टेकायला हवीत. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखं पातं डुगडुगलं तर ते पिळलेलं आहे, परत करा. शेवटी धार दिव्याकडे वर करून बघा. कडेवर चमकणारी बारीक रेघ दिसली तर धार नाही. खरी धार उजेड परतवत नाही, दिसतच नाही. अंगठ्याच्या नखावर धार तपासण्याची खोड असेल तर सोडा, असलेली धारही त्याने जाते.

डब्यावर 'जर्मन स्टील' लिहिलंय म्हणून भुलू नका. जर्मनीतल्या सोलिंगेन शहराच्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, ते नाव पात्याच्या मानेवर, म्हणजे धार संपून मूठ सुरू होते त्या भागावर, कोरलेलं असतं. 'जर्मन स्टील' हे शब्द कुणीही छापू शकतो. फ्रान्समधल्या तिएरचे वस्तरेही उत्तम. अर्थात हा माल हजारांच्या घरात जातो.

चोरबाजारात इंग्लंडमधल्या शेफील्डचा जुना नग हाती लागला तर जरूर बघावा, पण नजर धारेवर ठेवून. पाठीवरचे डाग चालतील. धारेलगत गंजाचे खड्डे असतील तर ते आत खोलवर गेलेले असतात, घासत जाल तसे नवे उघडतात. धार मधे आत वळलेली असेल, म्हणजे भुवई उलटी काढल्यासारखी, तर सोडून द्या. आणि असा वस्तरा सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे चुकूनही देऊ नका. ठिणग्या उडतात तिथे कड तापते; ती निळसर झाली की पोलादाचं पाणी उतरलंच. वस्तऱ्याची धार ओल्या दगडावर, हातानं, १००० पासून १२००० ग्रिटपर्यंत (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) टप्प्याटप्प्याने लावतात. पहिल्या वर्षी दगड विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. जाणकाराकडून धार लावून घ्यावी.

धार सरळ करण्यासाठी वस्तरा ज्यावर फिरवतात त्या चामड्याच्या पट्ट्याला मात्र पर्याय नाही. तीन इंच रुंद, साध्या प्रतीचा घ्या, कारण पहिल्या महिन्यात त्याला चिरा पडणारच. दर दाढीआधी कापडी बाजूवर २५ आणि चामड्यावर ५० फेऱ्या. पाठ पुढे, धार मागे, दाब शून्य. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरून उलटायचं; धारेवरून उलटलंत की पट्टाही चिरतो आणि धारही वळते.

पहिला आठवडा फक्त गाल, बाकी नेहमीच्या रेझरने. त्वचा ताणून, पातं सुमारे ३० अंशांत. धारेच्या लांबीच्या दिशेने आडवं कधीच सरकवू नका.

मुंबईचा पावसाळा हा कार्बन पोलादाचा वैरी. पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळीत पाणी जाऊ देऊ नये, दाढी झाल्यावर पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं आणि वस्तरा न्हाणीघरात न ठेवता कपाटात ठेवावा. चामड्याच्या म्यानात तर नकोच, ते ओल धरून ठेवतं.

विक्रेत्यांना एक विनंती. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव छापणं बंधनकारक आहेच. त्यासोबत पात्याची रुंदी आणि 'धार हाताने लावलेली आहे की नाही' ही एक ओळही छापावी. गिऱ्हाईक तेवढ्यासाठीच पैसे मोजतं.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई