हॅम स्टेशन: खर्च सेटवर नको, गच्चीवर करा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका जुन्याजाणत्या हॅमच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलणाऱ्याच्या, घरच्या स्टेशनवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण सोबतच्या फोटोने गैरसमज होईल असे वाटते. भिंतभर सेट, मीटर, मायक्रोफोन, क्यूएसएल कार्डांची (संपर्क झाल्याची पोच देणाऱ्या पत्रांची) माळ हे सगळे चाळीस-पन्नास वर्षांत साठत गेलेले सामान असते. ते पाहून ‘हे आपल्या खिशाचे काम नव्हे’ म्हणत नवा माणूस मागे फिरू नये, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुंबईतल्या इमारतीत स्टेशन चालणार की नाही, हे टेबलावरच्या सेटवर ठरत नाही. गच्चीवरची तार, तिथून खाली येणारी केबल आणि आजूबाजूच्या उपकरणांचा गोंगाट या तीन गोष्टींवर ते ठरते. एकाकडे जुना, वापरलेला सेट आहे पण डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन्हीकडे सारख्या लांबीची तारेची अँटेना) नीट बांधलेला आहे. दुसऱ्याने नवाकोरा महागडा सेट घेऊन खिडकीच्या ग्रिलला तार गुंडाळली आहे. पहिल्याचे ऐकू जाईल, दुसऱ्याचे नाही.

सुरुवात ४० मीटर बँडपासून करावी, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. दिवसा पुणे, नाशिक, कोल्हापूर, गुजरात याच बँडवर मिळतात आणि रात्री पल्ला वाढतो. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ याच मुंबईतून ४२.३४ मीटरवर बोलत होता. हिशेब केला तर ते ७.०८ मेगाहर्ट्झ येते. आज आपले हॅम जिथे सकाळच्या गप्पा मारतात तोच पट्टा.

डायपोलची लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचे, उत्तर मीटरमध्ये येते. ७.१ साठी ते साधारण २० मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. पण तार कापताना प्रत्येक बाजू साडेदहा मीटर ठेवा. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची मल्टीस्ट्रँड तार चालते. प्लास्टिकच्या आवरणामुळे तिची विजेच्या दृष्टीने लांबी दोन-तीन टक्के वाढते, म्हणून शेवटी ती हिशेबापेक्षा थोडी आखूडच भरते. आवरण काढू नका, आपल्या खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर काळे पडते. मध्य उंचावर आणि दोन्ही टोके कठड्याकडे उतरती, असा उलटा ‘व्ही’ बहुतेक गच्च्यांवर बसतो. मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून पुरतात. दोरी मात्र उन्हात टिकणारी पॉलिस्टरची घ्या; बाजारातली स्वस्त प्लास्टिकची दोरी उन्हाने कुजते आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात तुटते. तार ताणून बांधू नये, झोळ राहू द्यावा.

लांबी जुळवायला नॅनोव्हीएनए नावाचे खिशात मावणारे यंत्र पुरते. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचे माप; ते एकच्या जितके जवळ तितके चांगले. समजा, सर्वांत कमी एसडब्ल्यूआर ६.९ मेगाहर्ट्झवर दिसतो आणि तुम्हाला तो ७.१ वर हवा आहे. फरक सुमारे तीन टक्क्यांचा, म्हणजे साडेदहा मीटरच्या प्रत्येक बाजूतून सुमारे ३० सेंटिमीटर कमी करायचे. कापू नका. टोक मागे दुमडून त्याच तारेला घट्ट बांधा, पुन्हा मोजा, आणि पावसात एकदा मोजून झाल्यावरच जादा भाग कापा. ओली तार थोड्या खालच्या मेगाहर्ट्झवर जुळते. दीडच्या आतला एसडब्ल्यूआर उत्तम, दोनपर्यंत काही बिघडत नाही, १.४ वरून १.१ वर आणण्यासाठी दिवस घालवणे हा निव्वळ छंद आहे. हाच डायपोल २१ मेगाहर्ट्झवरही बऱ्यापैकी चालतो.

जागा कुठली घ्यायची? सगळ्यांची नजर पाण्याच्या टाकीकडे जाते, कारण गच्चीवर सर्वांत उंच तीच. पण आपल्याकडे टाकी बहुधा लिफ्टच्या मशीनरूमच्या डोक्यावर असते, आणि नव्या लिफ्टच्या व्हीएफडी ड्राइव्हचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेचा) गोंगाट ७ मेगाहर्ट्झवर सहज पोहोचतो. लिफ्ट चालू असताना आणि थांबलेली असताना, अशा दोन्ही वेळा ऐकून मगच पाइप उभा करा. दोन मीटर उंची गमावून दहा मीटर लांब गेलेले बरे. शिवाय आरसीसी स्लॅबमधली सळई तारेला जमिनीसारखीच असते. तार स्लॅबपासून चार-पाच मीटरवरच राहिली तर बरीचशी शक्ती सरळ वर जाते. महाराष्ट्रभर बोलायला ते उलट सोयीचे आहे. युरोप-जपान हवे असतील तर १४ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचे बँड आणि अधिक उंची लागते.

गच्ची मिळतच नसेल तर १४ मेगाहर्ट्झसाठी खिडकीतून तिरकी सोडलेली दहा मीटर तार आणि तिच्या टोकाशी ४९ पट इम्पिडन्स (रेडिओच्या विजेला होणारा अडथळा) बदलणारा ट्रान्सफॉर्मर. एफटी-२४०-४३ या फेराइट रिंगवर दोन आणि चौदा वेढे, दोन वेढ्यांच्या बाजूला १०० पिकोफॅरडचा जास्त व्होल्टेज सोसणारा कपॅसिटर. या अँटेनाच्या मोकळ्या टोकाला प्रक्षेपणाच्या वेळी बरेच व्होल्टेज असते. शेजारणीच्या कपडे वाळवायच्या दोरीजवळून ती नेऊ नये.

आता केबल, कारण इथे लोक उलट चूक करतात. ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये ७ मेगाहर्ट्झवर फार तर दीड डेसिबल जातात. तिथे जाड महागड्या केबलवर पैसे घालण्यात अर्थ नाही. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर सहा डेसिबल खाते, म्हणजे ५० वॉटचे अँटेनापाशी साडेबारा उरतात, आणि पाच वॉटच्या हँडसेटचे सव्वा वॉट. आरजी-२१३ घेतली तर ५० पैकी २७-२८ वॉट वर पोहोचतात. वापरात नसलेली टीव्हीची आरजी-६ केबल घरात पडून असेल तर ४० मीटरच्या डायपोलला ती चालते. तिची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिला सोल्डर धरत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

केबलच्या टोकाला पीएल-२५९ कनेक्टर लावताना छोट्या सोल्डरिंग आयर्नने रेंगाळत सोल्डर केले की आतले प्लास्टिक वितळते आणि मधली तार जाळीला टेकते. ६० वॉट किंवा जास्त क्षमतेचे सोल्डरिंग आयर्न घ्या, जोड पटकन उरका, लगेच मल्टिमीटरने शॉर्ट तपासा. मग पाणी. कनेक्टरमधून शिरलेले पावसाचे पाणी जाळीतून वातीसारखे मीटरभर आत चढते आणि तांबे काळे पडते. गंमत अशी की अशा सडलेल्या केबलवर एसडब्ल्यूआर आधीपेक्षा चांगला दिसतो! परतीची शक्ती केबलच गिळते, मीटरला ती दिसत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारलेला दिसला तर खूश न होता केबल तपासा. जोडावर सेल्फ-फ्यूजिंग रबराची टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येऊन पाणी बाहेर ओघळते. तिच्यावर पीव्हीसी टेप. खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झुकता वळसा द्या, नाहीतर पाणी तिच्यावरून थेट घरात येते.

सर्वांत जास्त माणसे हा छंद सोडतात ती गोंगाटामुळे. सेटच्या मीटरवर (तो सिग्नलचा जोर एस-आकड्यांत दाखवतो) एस-८ चा खरखराट असेल तर एस-६ चा पुणेकर त्यात ऐकूच येणार नाही, तुमचा सेट कितीही लाखाचा असो. शोध घेण्याची रीत साधी आहे. सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एस-८ वरून एस-४ वर उतरली तर दोषी तुमच्याच घरात आहे. एकेक एमसीबी चढवत जा. बहुधा सापडतो तो स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, वायफायचा ॲडाप्टर किंवा सीसीटीव्हीचा पॉवर सप्लाय. मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली तर मीडियम वेव्हचा खिशातला रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून जिन्याने खाली उतरत जा. कुठल्या मजल्यावर, कुठल्या मीटरबोर्डापाशी आवाज वाढतो ते कानाला कळते. हल्ली पार्किंगमधले स्कूटरचे चार्जरही यात भर घालतात. शेजाऱ्याचा दिवा दोषी निघाला तर तक्रार न करता स्वखर्चाने चांगल्या कंपनीचा दिवा बदलून द्यावा. एका दिव्याच्या किमतीत एवढा फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही.

उरलेला गोंगाट केबलच्या बाहेरच्या जाळीवरून सेटमध्ये चढतो. त्यावर इलाज म्हणजे चोक: एफटी-२४०-३१ या सहा सेंटिमीटरच्या फेराइट रिंगमधून पातळ कोॲक्सचे (अँटेनाच्या जाळीदार केबलचे) १० ते १२ वेढे. एक चोक डायपोलच्या मध्यावर, दुसरा केबल खोलीत शिरते तिथे. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात रिंगांचे ढीग असतात, पण रंगवलेल्या लाल-पिवळ्या रिंगा आयर्न पावडरच्या असतात आणि या कामाला निरुपयोगी. नाव-नंबर नसलेली काळी रिंग घेतलीत तर आधी नॅनोव्हीएनएवर तपासा.

वीजपुरवठ्याचे थोडक्यात. शंभर वॉटचा सेट बोलताना १३.८ व्होल्टवर २० ते २२ अँपिअर ओढतो, म्हणून ३० अँपिअरचा सप्लाय. दोन मीटर अंतराला सहा चौरस मिलिमीटरची तार वापरली तर पाव व्होल्ट पडतो. अडीचची वापरली तर सहा दशांश व्होल्टच्या वर. बॅटरीवर असताना तेवढाच फरक सेट बंद पाडतो, कारण बहुतेक सेट ११.७ व्होल्टच्या खाली काम करत नाहीत. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी हवा, सेटजवळ नव्हे. बॅटरी मात्र हवीच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही बसले होते. भिंतीतल्या सॉकेटवर चालणाऱ्या स्टेशनचा अशा रात्री काय उपयोग? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून हॅम भारती प्रसाद आणि त्यांच्या चमूने निरोप पोहोचवले, ही गोष्ट सगळे सांगतात. आपल्या शहरात आणखी एक अडचण आहे: बोरिवली आणि मुलुंड-ठाणे यांच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत. १४५ मेगाहर्ट्झवर गच्चीहून गच्चीशी थेट बोलणे तिथे अडते, उंचावरचा रिपीटर (ऐकलेले पुन्हा प्रक्षेपित करणारे स्टेशन) लागतो. त्या रिपीटरचीही बॅटरी भरलेली हवी.

परवान्याशिवाय प्रक्षेपणाचा सेट विकत घेऊ नये, ऑनलाइन कितीही स्वस्त मिळो. १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी परवाने देणाऱ्या शाखेची परीक्षा देता येते. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही. तोपर्यंत इंटरनेटवरचे वेब रिसीव्हर ऐकून कानाला सवय करावी.

शेवटी सोसायट्यांबद्दल. अर्ज आला की कार्यकारिणीत तीन शंका निघतात. टीव्ही खराब होईल: दूरदर्शनच्या गच्चीवरच्या अँटेनांच्या काळात यात तथ्य होते, आता फार तर इंटरकॉम किंवा व्हिडिओ डोअरफोन कुरकुरतो आणि वायरवर फेराइटची क्लिप लावली की बहुतेक वेळा गप्प होतो. वीज पडेल: तारेमुळे वीज ओढली जात नाही, पण गच्चीवरचा लोखंडी पाइप वायरमनकडून इमारतीच्या तडितरक्षकाला जोडून घ्यावा, आणि ढग जमायला लागताच घरातली केबल सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर कनेक्टरला हात लावू नये. स्वतंत्र अर्थिंगच्या नावाखाली गॅसच्या पाइपला तार बांधणारे महाभागही असतात. तसे कदापि करू नये. तिसरी शंका गळतीची, आणि ती रास्त आहे. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबमध्ये एकही भोक पाडता कामा नये. पाइप टाकीच्या खांबाला क्लॅम्पने बांधावा किंवा सिमेंट भरलेल्या डब्यात उभा करावा.

अर्जासोबत परवान्याची प्रत, तारेचा नकाशा आणि वजनाचा अंदाज जोडला तर सचिवांचे काम सोपे होते. सोसायट्यांनी अटी जरूर घालाव्यात: भोक नको, तारेची टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी, किमान अडीच मीटर उंच असावीत, केबल जिन्यातून न नेता डक्टमधून न्यावी, आणि दरवर्षी मे महिन्यात क्लॅम्प व दोऱ्या तपासल्याचे लेखी द्यावे. दुरुस्तीच्या वेळी सगळे एका दिवसात उतरवण्याची हमीही मागावी. वीस मीटर तार आणि एक पाइप उतरवायला दोन माणसांना तासभर पुरतो.

– एक परवानाधारक हॅम, मुलुंड (पूर्व)