चालक नव्हे, वाहक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात रविवारच्या पुरवणीत माझी मुलाखत छापलीत, त्याबद्दल आभारी आहे. एक दुरुस्ती मात्र जरूर छापा. मुलाखतीत मला 'एसटीचा निवृत्त चालक' म्हटलं आहे. मी वाहक होतो, बत्तीस वर्षं. चालक असतो आणि गाडी हाकता हाकता कादंबरी रचत बसलो असतो, तर आज हे पत्र लिहायला मी नसतो आणि वाचायला तुमचे काही वाचकही नसते.

त्या मुलाखतीवर आलेली सतरा पत्रं तुमच्या कार्यालयानं माझ्याकडे पाठवली. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं आता डोळ्यांना झेपत नाही, म्हणून इथंच लिहितो.

बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न, लिहायला वेळ कधी मिळायचा? मुक्कामी गाडीवर. रात्री नऊला गाडी गावात लागायची, सकाळी सहाला सुटायची. जेवण पोलीस पाटलांकडे नाहीतर डब्यातलं. मग गाडीतच पथारी. सुरुवातीला मी गाडीतला दिवा लावून लिहायचो. एकदा सकाळी बॅटरी उतरलेली निघाली आणि शाळेला निघालेल्या पोरांनी ढकलून गाडी चालू करून दिली. चालकानं त्या दिवशी मला जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. तेव्हापासून कंदील. पहिली कादंबरी अशी चार वर्षं चालली. रोज किती पानं, असं बार्शीच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय. काही दिवशी तीन, काही दिवशी डोळा लागायचा.

विषय कुठून सुचतात? याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. पण आमच्याच भागातलं बघा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानानं तिथं भिंती नसलेल्या तुरुंगाचा प्रयोग केला. आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून गोष्ट लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्या बाजूनं रोज कितीतरी लोक जा-ये करत असतील. गोष्ट एकालाच दिसली.

आता कादंबरी आणि पटकथा यांतला फरक. सतरापैकी नऊ पत्रांत हाच प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८७ च्या उन्हाळ्यात माझ्या गाडीत एक म्हातारी चढली. हातात पिशवी, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. लेकीच्या गावाचं तिकीट किती, म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिनं पदराची गाठ सोडली, नाणी तळहातावर मांडली, एकदा मोजली, परत मोजली. मग म्हणाली, "त्याच्या अलीकडचं द्या." एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. मी ट्रेमधून तिकीट काढलं, पंच मारला, दिलं. अलीकडच्या थांब्यावर ती उतरली. मी डबल बेल दिली. मागच्या काचेतून बघितलं तर धुरळ्यात म्हातारी गाडीच्याच दिशेनं चालायला लागलेली.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत हे चार पानं आहे. तिला काय वाटलं, जावयाशी कशावरून बिनसलं, परतीचे पैसे मागायची लाज कशी वाटली, सगळं. कादंबरीत मला तिच्या डोक्यात शिरायची मुभा होती, मी शिरलो आणि जरा जास्तच वेळ बसलो. पुढं त्याच कादंबरीची पटकथा करायला घेतली तेव्हा ती चार पानंही जशीच्या तशी नेली, 'म्हातारी मनात म्हणते' असं लिहून. दिग्दर्शक तरुण होता, पण त्यानं नेमकं बोट ठेवलं. म्हणाला, "काका, मनात म्हणते ते कॅमेऱ्याला कसं दाखवू?" मी दोन दिवस रागात होतो. तिसऱ्या दिवशी सगळं खोडलं आणि मी त्या दिवशी वाहक म्हणून जेवढं बघितलं तेवढंच लिहिलं. गाठ, नाणी, दोनदा मोजणं, "अलीकडचं द्या", धुरळा. अर्धं पान झालं. खरं सांगायचं तर कादंबरीतल्या चार पानांपेक्षा ते बरं झालंय.

तरी कादंबरी कमी आणि पटकथा श्रेष्ठ असं कुणी समजू नका. त्या म्हातारीची लाज मला कादंबरीतच लिहिता आली.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशेब खरा का, असं कोल्हापूरच्या एका बाईंनी विचारलंय. तो हिशेब इंग्रजी टायपाच्या ठरावीक मापाचा. आपल्या देवनागरीत, त्यातून हातानं लिहिलेल्या कागदाला तो लागू पडत नाही. माझा पहिला खर्डा आम्ही घड्याळ लावून मोठ्यानं वाचला, पावणेचार तास लागले. घरात मोठ्यानं वाचणं हेच खरं माप. घरचे कुठल्या सीनला चहा ठेवायला उठतात तेही कळतं.

आपल्या कादंबरीची पटकथा आपणच करावी का? माझं मत, शक्यतो नको. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून १९७९ चा 'सिंहासन' सिनेमा झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन कादंबऱ्या एका सिनेमात बसवायच्या तर किती माणसं, किती प्रसंग बाजूला ठेवावे लागले असतील. स्वतःच्या कादंबरीवर अशी कात्री चालवताना माझा तरी हात थरथरला.

पैशाचं थोडक्यात. कादंबरीची किंमत १८० रुपये, मला दहा टक्के, आवृत्ती हजार प्रतींची. खपायला सहा वर्षं लागली. गुणाकार तुम्हीच करा.

आणि 'तुमच्या कादंबरीवरचा सिनेमा कुठं बघायला मिळेल' असं चौघांनी विचारलंय. कुठंच नाही. तो निघालाच नाही. निर्मात्यानं सायनिंग म्हणून पंचवीस हजार दिले, करारावर सही घेतली आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पत्रं लिहिणाऱ्यांत बरीच तरुण मुलं आहेत. आपल्या कायद्यात असं आहे की हक्क दिल्यावर घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते संपुष्टात येतात, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. माझ्या करारात सातव्या पानावर बारीक अक्षरात ती वर्षाची अट काढून टाकली होती. मी वाचलीच नव्हती. प्रवाशानं दिलेली फाटकी नोट दोन्ही बाजूंनी बघणारा मी, पण करार नाही बघितला. नशीब एवढंच की हक्क किती काळासाठी, ती जागा कोरी राहिली होती. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, हे विट्याच्या एका वकिलांनी फी न घेता सांगितलं. पाच वर्षं मोजून काढली. आता हक्क माझ्याकडे आहेत.

चोरीची भीती वाटणाऱ्यांसाठी, नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, ती ज्या शब्दांत लिहून काढाल त्याला आहे. तेव्हा आधी लिहा. मुंबईत पटकथालेखकांची संघटना आहे, सभासद होऊन तिथं संहिता नोंदवता येते. लिहिल्याबरोबर हक्क तुमचाच असतो, नोंदणी पुराव्याच्या कामी येते.

शेवटचं पत्र खानापूरच्या एका आजींचं. त्यांनी पटकथेचं वगैरे काही विचारलेलं नाही. त्यांनी ती कादंबरी वाचलीय आणि खऱ्या म्हातारीचं पुढं काय झालं एवढंच विचारलंय. आजी, कादंबरीत ती दिवेलागणीला लेकीच्या दारात पोचते, ते मी रचलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या फेरीला मी दोन्ही थांब्यांवर दारात उभं राहून बघितलं होतं. ती नव्हती.

आपला,
निवृत्त वाहक, विटा