भोसरीच्या मिस्त्री काकांना, गिअरबॉक्ससाठी थँक्यू

काका, फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं ठेव आता, काम पडलंय" म्हणता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आत बेड, सिंक, पाण्याची टाकी असा सगळा संसार, आणि चौथ्यातून तिसरा टाकला की कर्रर्र, उभी असताना पण घरघर चालूच. आधी दुसरीकडे दाखवली तर न बघताच "क्लच गेला, पूर्ण किट टाका". तुम्ही गाडी न्यूट्रलला चालू ठेवून क्लच दाबला, सोडला, परत दाबला. दाबल्यावर आवाज बंद म्हणजे बॉक्सच्या आतलं बेअरिंग, बहुतेक इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून फिरणं आत आणणारा दांडा), आणि दाबल्यावरच आला असता तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबल्यावर काम करणारं. झालं निदान, पाना हातात न घेता!

बरं, बेअरिंग का गेलं हे कळल्याशिवाय तुम्हाला चैन कुठलं. बॉक्सच्या वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक, चिखलाने गच्च, मग गरम झालेली हवा जाणार कुठे, तिने मागच्या सीलमधून ऑइल बाहेर ढकललं, लेव्हल उतरली आणि सिंक्रोच्या पितळी रिंगा (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या) पण झिजल्या. रिपेअरपेक्षा सेकंडहँड बॉक्स परवडेल म्हणून माझ्याबरोबर पुण्यात नाना पेठेतल्या जुन्या पार्टच्या दुकानात आलात, शाफ्ट हलवून बघितला, ऑइलमध्ये बोट घालून धातूचा चकचकीत चुरा आहे का तपासलं, आणि दुकानदार जो बॉक्स "एकदम कडक" म्हणत होता तोच नाकारलात. त्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं :)

आणि हे सगळं गुरुवारी, म्हणजे अख्ख्या भोसरीला सुट्टी असताना.

बसवताना शेवटपर्यंत बॉक्सचं वजन जॅकवर ठेवलंत, क्लच प्लेटवर लटकला तर प्लेटचं हब, म्हणजे मधला भाग, वाकतं म्हणून. ऑइल बदलताना आधी भरायचा बोल्ट सुटतोय का बघायचं, मगच खालचा खोलायचा, नाहीतर रिकामा बॉक्स घेऊन बस, हे तर मी आता मित्रांना स्वतःचं असल्यासारखं सांगतो. गिअर ऑइल जीएल-४ ग्रेडचंच टाकतोय, जीएल-५ मधलं सल्फर पितळेला बाधू शकतं हे पक्कं लक्षात आहे. ब्रीदर दर पावसाळ्यानंतर साफ.

परवा ताम्हिणी घाट करून आलो, तिसरा दोन बोटांनी पडतो. प्रोपेलर शाफ्टच्या (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) क्रॉसला, म्हणजे त्याच्या सांध्याला, ग्रीस मारायला येतोच आहे. आणि मजुरीतले जे पैसे तुम्ही "राहू दे रे" म्हणून सोडलेत ते मी तुमच्या मुलाकडे दिले आहेत, प्लीज परत पाठवू नका.