शंभर टक्क्यांच्या फलकावर नववीचा पटही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की शाळांच्या फाटकांवर ‘१०० टक्के निकाल’ असे फलक झळकतात आणि वृत्तपत्रांत शाळेच्या नावापुढे एकेक टक्का छापून येतो. हा टक्का खोटा नसतो. पण त्यावरून शाळेतली मुले काय शिकली हे ठरवायला गेलो तर हाती फारसे काही लागत नाही, आणि मागच्या वर्षीच्या टक्क्याशी त्याची तुलना केली तर फसगतच होते.

राज्य मंडळाचेच आकडे पाहा. मार्च २०१८चा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२०मध्ये पुन्हा ९५.३०. दोन वर्षांत मुले आधी ढ झाली आणि मग हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९मध्ये दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते परत आले. शिवाय त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण दिले गेले. २०२१मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला! नियम बदलला की टक्का बदलतो. म्हणून शाळेचा टक्का त्याच वर्षीच्या राज्याच्या आणि विभागाच्या टक्क्याशेजारी ठेवूनच वाचावा. २०२५मध्ये राज्याचा निकाल ९४.१० होता. त्या वर्षी ९५ टक्के मिळवलेली शाळा जेमतेम सरासरीच्या वर होती.

आता शाळेच्या आतले. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० अंतर्गत. तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिक जे काही असेल ते. हे २० गुण शाळाच देते. उत्तीर्ण व्हायला साधारणपणे ३५ लागतात. अंतर्गतमध्ये १८ मिळालेल्या मुलाला ८० पैकी १७ गुणांवर गाडी गाठता येते, म्हणजे लेखीत साधारण २१ टक्के. गुणपत्रिकेवर एकूण बेरीजच छापलेली असते, पण अंतर्गत गुणांची नोंद शाळेच्या दप्तरी असते. एकूणातून ते वजा केले की लेखीचा खरा आकडा निघतो. ही वजाबाकी शाळेने सहाही विषयांत करावी. एखाद्या विषयात सगळ्या तुकडीला १८ ते २० अंतर्गत गुण असतील आणि लेखीत निम्मी मुले २५च्या खाली असतील, तर तिथे अंतर्गत मूल्यमापन झालेलेच नाही, खिरापत वाटली गेली आहे. हे शब्द बोचतील, पण दुसरे सुचत नाहीत.

टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढली जाते, हेही पालकांच्या ध्यानात राहत नाही. पाच विषयांत ८० आणि गणितात ३६ गुण असलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर ८० टक्के दिसतात. घरी पेढे वाटले जातात. अकरावी विज्ञानाच्या पहिल्या चाचणीत त्याच ३६ची आठवण होते.

सगळ्यांत दडलेला आकडा नववीचा. नववीच्या वर्गात ७२ मुले होती आणि दहावीच्या परीक्षेला नियमित म्हणून ६० बसली, साठही उत्तीर्ण झाली, असे समजा. फलकावर १०० टक्के. ७२च्या हिशेबाने ८३. मधली १२ कुठे गेली? काही नववीतच राहिली, काहींनी शाळा सोडली, काही गाव बदलून गेली असतील. आणि काहींना ‘तू सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवले गेले असेल. खासगीरीत्या बसलेल्या या मुलांचा निकाल शाळेच्या टक्क्यात धरला जात नाही. कच्च्या मुलांना असे बाजूला काढले की टक्का चढतो, त्यासाठी एक तासही जादा शिकवावे लागत नाही.

लहान शाळांवर मात्र अन्याय होतो. वीस मुलांच्या शाळेत एक नापास झाले की टक्का पाचाने खाली येतो. अशा शाळांचा निकाल तीन वर्षांचा मिळून पाहावा, आणि पाहताना टक्क्यांची सरासरी काढू नये, मुलांची बेरीज करावी. एका वर्षी २० पैकी २० आणि दुसऱ्या वर्षी ४० पैकी ३० उत्तीर्ण झाले, तर टक्क्यांची सरासरी ८७.५ येते. खरा निकाल ६० पैकी ५०, म्हणजे ८३.३.

हे झाले वाचण्याचे. सुधारायचे तर मंडळाच्या निकालाची वाट पाहून उपयोग नाही, कारण गणितात बीजगणित किती आणि भूमिती किती, हेसुद्धा गुणपत्रिकेवरून कळत नाही. त्यासाठी पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका हाच खरा ऐवज. बहुतेक शाळांत त्या तपासून, गुण सांगून गठ्ठा बांधून ठेवतात. त्याऐवजी त्या गुणानुक्रमे लावून वरच्या दहा, मधल्या दहा आणि खालच्या दहा घ्याव्यात. एका कागदावर उभे रकाने चार: पूर्ण, अर्धवट, पद्धत चुकली, कोरा. आडव्या ओळींत प्रश्न. दोन शिक्षकांचे एका दुपारचे काम आहे.

गणिताचा प्रत्येक भाग ४० गुणांचा, दोन तासांचा. पहिल्या प्रश्नाला ८ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला ९, चौथ्याला ८ आणि पाचव्याला ३. पहिल्या दोन प्रश्नांतच निम्मे गुण आहेत, आणि त्यात पर्याय निवडणे, एका गुणाची उदाहरणे आणि चौकटी भरायच्या कृती येतात. खालच्या दहा मुलांचे गुण नेमके इथेच जात असतील, तर त्यांना चौथ्या प्रश्नाचा सराव देणे म्हणजे वेळ वाया घालवणे. त्यांना चिन्हांचे नियम, अपूर्णांक आणि सूत्रात किंमत घालणे पुन्हा शिकवावे लागेल, म्हणजे सातवी-आठवीचे. मधल्या दहांचे दुखणे वेगळे असते. वर्गसमीकरणात विवेचक बरोबर काढून पुढे चिन्ह चुकते, निश्चयकाच्या विस्तारात दुसऱ्या गुणाकाराआधीचे ऋण चिन्ह सुटते, अंकगणिती श्रेढीत पदांच्या संख्येतून एक वजा करायचे राहते. भूमितीत समरूप त्रिकोणांची नावे लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम बिघडतो आणि तिथून पुढची सगळी गुणोत्तरे चुकतात. ‘अर्धवट’ रकान्यात गर्दी दिसली तर समजावे की रीत येते, लिहिण्याची शिस्त नाही.

कोऱ्या जागेबाबत एक खाचखळगा आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या ‘ब’ भागात पाचपैकी चार उदाहरणे सोडवायची असतात, म्हणून एक कोरे असणे ही चूक नव्हे. चारपेक्षा कमी सोडवली असतील तेव्हाच ‘कोरा’ मोजावे. पण एकच उदाहरण जवळजवळ सगळ्यांनी टाळले असेल, तर त्याचे प्रकरण लिहून ठेवावे. अर्थनियोजनाचे बऱ्याचदा असेच होते. शेवटचे प्रश्न कोरे असतील तर वेळ पुरलेला नाही. मधला कोरा असेल तर ते प्रकरण वर्गात नीट झालेले नाही. दोन्हींवरचा उपाय एकच, ‘भरपूर सराव पेपर’, असे समजून जानेवारी-फेब्रुवारीत पेपरांचा भडिमार करतात. ज्याला प्रकरणच समजलेले नाही, तो दहा पेपरांत दहा वेळा तीच जागा कोरी सोडतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती. शाळांचे निकाल छापताना टक्क्याच्या जोडीला तीन आकडे मागावेत: परीक्षेला बसलेली मुले, त्याच तुकडीचा नववीतला पट आणि गणितात लेखी ८० पैकी ४०च्या वर असलेली मुले. ज्या शाळा देणार नाहीत त्यांच्यापुढे रकाना मोकळा छापावा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक