आईच्या डबड्या फोनला डेटा कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या सोलापुरात पाणी किती दिवसाआड येतंय हा विषय सोडून दुसऱ्या कशावर पत्र लिहायचं म्हणजे जरा धाडसच, पण हे पण लिहिणं गरजेचं वाटलं म्हणून लिहितोय.

माझी आई ७४ वर्षांची, कन्ना चौकाजवळ आमच्या जुन्या घरात एकटीच राहते. जुळे सोलापूरला आमच्याकडं ये म्हणलं तर तिसऱ्या मजल्यावर करमत नाही म्हणते, तिला शेजारपाजार पाहिजे. तिच्याकडं एक बटणाचा डबडा फोन आहे, तो फक्त अडीअडचणीला. बाकी कुणाला फोन लावत नाही, व्हॉट्सॲप नाही, नेट नाही. २ नंबरचं बटण दाबून धरलं की मला फोन लागतो, तसं स्पीड डायल करून ठेवलंय आणि ते बटण सापडावं म्हणून त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. आयुष्यभर विड्या वळल्या तिनं, त्यामुळे बोटं अजून चपळ आहेत, नजर मात्र गेल्यात जमा. ५ नंबरवर मुद्दाम ठिपका दिला नाही, कारण २०१७ पासूनच्या बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की थेट इमर्जन्सी कॉल जातो.

आता झालं काय, यंदा एप्रिलमध्ये भर दुपारी मोरीतल्या शहाबादी फरशीवर पाय घसरून आई पडली. फोन कनवटीलाच होता, बसल्या जागी २ दाबलं, तर मी नाहीच, आतून एक बाई बोलायला लागली की आपल्या प्लॅनची वैधता संपली आहे, कृपया रिचार्ज करा. आईनं तीनदा लावला, तिन्ही वेळा तीच बाई. तिसऱ्या वेळी आई तिला म्हणली, अगं बाई रिचार्ज राहू दे की, माझ्या पोराला लाव आधी. हे शेजारच्या काकूंनी ऐकलं म्हणून बरं, त्या धुणं वाळत घालायला मागच्या अंगणात आल्या होत्या, त्यांना वाटलं आई कुणाशी भांडायलीय. मनगट मोडलंय, खुबा वाचला. प्लास्टर दीड महिना.

चूक माझी, रिचार्ज दोन दिवसांपूर्वी संपला होता आणि मी विसरलो, ते मान्य. पण आदल्या दिवशी संध्याकाळी मीच तिला फोन केलेला आणि पाच मिनिटं छान बोललो होतो! पॅक संपला की आधी आउटगोइंग बंद होतं, इनकमिंग अजून काही दिवस चालू राहतं. म्हणजे आपण इकडून लावतोय, लागतोय, सगळं ठीक आहे असं वाटतं आणि तिकडून मात्र तिला कुणालाच लावता येत नाही. ज्यांचे आईवडील असे एकटे राहतात त्यांनी हे नीट ध्यानात घ्या, आपण फोन लावून बघणं म्हणजे फोन चालू आहे की नाही हे तपासणं नव्हे, आठवड्यातून एकदा त्यांना लावायला सांगा. रिचार्ज संपला तरी इमर्जन्सीचा ११२ नंबर लागतो हे मला ठाऊक होतं, पण आईला सांगितलंच नव्हतं, आता सांगितलंय.

आणि पॅक संपतोय म्हणून मेसेज येतो तो कुठं? आईच्याच फोनवर, तो पण इंग्रजीत! आईच्या फोनमध्ये न वाचलेले असले ढीगभर मेसेज निघाले.

मुळात २८ दिवसांचा महिना हेच एक कोडं आहे. पगार ३० दिवसांनी, घरभाडं ३० दिवसांनी आणि रिचार्ज तेवढा २८ दिवसांनी, म्हणजे वर्षात १२ नाही १३ वेळा. तारीख दर वेळी मागं सरकते म्हणून तर विसरायला होतं. यावर ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ मध्ये सांगितलंय की प्रत्येक कंपनीनं ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असा निदान एकेक प्लॅन ठेवलाच पाहिजे. आहेत पण तसे, पण दुकानात आपणहून कोण सांगतंय?

पूर्वी असं नव्हतं. २००६ च्या सुमारास ९९९ रुपयात लाईफटाईम कार्ड मिळायचं, बॅलन्स नसला तरी इनकमिंग येतच राहायचं, नंतर कळलं की ती लाईफ आपली नाही, कंपनीच्या लायसन्सची. २०१८ च्या शेवटी २८ दिवसांना किमान ३५ रुपये मारा नाहीतर बंद, असं सुरू झालं. मग वाढत वाढत जुलै २०२४ मध्ये १७९ चा पॅक १९९ ला गेला. १३ वेळा १९९ म्हणजे वर्षाला २५८७ रुपये. त्यात मिळणारा डेटा आईच्या डबड्यात ओतायचा कुठं? नंबर टाकून द्यावा म्हणलं तर बँक, गॅस, आधार, पेन्शन सगळं त्याच नंबरला जोडलेलं.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो की २० रुपये बॅलन्स ठेवा, सिम चालू राहतं. नियम खरा आहे, ट्रायचा २०१३ चा. ९० दिवस फोन अजिबात वापरला नाही तरी बॅलन्समध्ये २० रुपये असले तर नंबर बंद करायचा नाही, ते २० कापून ३० दिवस वाढवून द्यायचे. पण तो नियम नंबर दुसऱ्याला जाऊ नये म्हणून आहे, फोन लागावा म्हणून नाही. आमच्यासारख्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

कामाची गोष्ट वेगळीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅक काढणं सक्तीचं केलं आणि अशा पॅकची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असं केलं. जानेवारी २०२५ मध्ये तसे पॅक आले पण, एअरटेलचा ४६९ ला ८४ दिवस आणि १८४९ ला ३६५ दिवस, जिओचा ४४८ ला ८४ आणि १७४८ ला ३३६. दर बदलत असतात, घ्यायच्या आधी बघून घ्या. जिओला २जी, म्हणजे जुन्या फोनचं नेटवर्क, नाही, त्यामुळे जुना बटणाचा फोन असेल तर त्यात ते सिम चालत नाही, हे पण आधीच विचारा.

मी नवी पेठेत एका दुकानात गेलो, म्हणलं बिनडेटाचा वर्षाचा मारा, तर तो म्हणतो, तसलं काय नसतंय बगा काका, १९९ चं मारू का? मग घरी येऊन मुलीनं कंपनीच्या ॲपमध्ये शोधला. आधी क्रिकेटवाले पॅक, मग सिनेमावाले, मग रोजच्या २ जीबीवाले, आणि खाली खाली खाली गेल्यावर एका कोपऱ्यात हा. साठीच्या माणसाला तो सापडावा अशी त्यांची इच्छाच दिसत नाही.

तेव्हा तुमच्यामार्फत एवढंच म्हणणं आहे की प्रत्येक रिचार्जच्या दुकानात हा बिनडेटाचा पॅक मराठीत बोर्डावर लिहिलेला पाहिजे, आणि पॅक संपतोय हा मेसेज घरातल्या अजून एका नंबरवर पण जायची सोय पाहिजे. आणि १८४९ हे पण जास्तच आहेत हो, महिन्याला दोन कॉल करणाऱ्या म्हातारीला पाच रुपये रोज पडतात. वर्षाला दोन-तीनशे घ्या, इनकमिंग चालू ठेवा आणि घरच्या एका नंबरला कधीही कॉल लागू द्या, कंपनीचं काय बुडणार आहे?

आईचा वर्षाचा पॅक मारलाय. पुढचा रिचार्ज पुढच्या एप्रिलमध्ये, एवढ्या पुढचं कॅलेंडर अजून निघालेलं नाही म्हणून तारीख देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलीय.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर