दगडाच्या कोड्यावर निबंध उभा करू नकोस

चि. ईशा हिस,
अनेक आशीर्वाद.

देवाच्या कल्पनेवरच्या आक्षेपांवर तू लिहिते आहेस त्या निबंधाचा आराखडा वाचला. 'स्वतःलाही उचलता येणार नाही इतका जड दगड सर्वशक्तिमान देव घडवू शकतो का?' या कोड्याला तू सहा पानं दिली आहेस आणि देव भला असेल तर जगात दुःख का, या प्रश्नाला दीड. हे उलटं कर. दगडाचं कोडं ऐकायला चमकदार, पण सगळ्या आक्षेपांत तेच सर्वांत लवकर निकाली निघतं. तरी ते पूर्ण काढू नकोस. त्यातून सुटताना आस्तिक पक्ष कशावर सही करून बसतो, ते पाहण्यासारखं आहे. एका आक्षेपातून सुटायला घेतलेली व्याख्या पुढच्या आक्षेपात नडते, हे सूत्र धरलंस तर निबंध एकसंध होईल.

कोडं दुधारी आहे. 'हो' म्हटलं तर देवाला न उचलता येणारी एक वस्तू निघाली, 'नाही' म्हटलं तर न घडवता येणारी. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने दिलेलं उत्तर आजही बहुतेकांना पटतं: सर्वशक्तिमान म्हणजे ज्यात अंतर्विरोध नाही ते सगळं करू शकणारा. चौकोनी वर्तुळ हे कुणाचं करायचं राहून गेलेलं काम नव्हे. ते कामच नाही. जॉर्ज मॅव्रोड्स यांनी १९६३ मध्ये हाच विचार दगडाला लावला. सर्वशक्तिमानाला न उचलता येणारा दगड, हे वर्णनच स्वतःला खोडतं. पुढच्याच वर्षी हॅरी फ्रँकफर्ट यांनी दुसरी बाजूही बंद केली: देव अंतर्विरोधी गोष्टही करू शकतो असा कुणी हट्ट धरलाच, तर तो तसा दगड घडवेल आणि उचलूनही दाखवेल. एक अशक्य जमलं त्याला दुसरं काय जड?

हा हट्ट अगदीच पोरकट नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३०च्या पत्रांत गणिताची सत्यंसुद्धा देवानेच ठरवली आहेत असं लिहिलं. पण त्याची किंमत मोठी आहे. तर्काच्या वर बसवलेल्या देवाबद्दल काहीच नाकारता येत नाही. 'देव दयाळू आहे' यावरून 'देव निर्दय नाही' एवढंही निघत नाही. शिवाय 'देवालाही अमुक करता येत नव्हतं' अशी सबब पुढे कधीच सांगता येत नाही. ही नोंद समासात करून ठेव.

अक्वायनसच्या वाटेवरही एक खड्डा आहे. खोटं बोलण्यात कसलाच अंतर्विरोध नाही. तू बोलू शकतेस, मी बोलू शकते. परिपूर्ण भला देव मात्र बोलू शकत नाही. मग त्याची शक्ती आपल्यापेक्षा एका बाबतीत कमी झाली का? 'त्याच्या स्वभावाला धरून जे शक्य ते सगळं तो करतो' अशी दुरुस्ती करू नकोस. ज्याला स्वभावतः फक्त कान खाजवता येतो असा प्राणी कल्पून बघ: तो कान खाजवतो, म्हणजे या व्याख्येने तोही सर्वशक्तिमान! ख्रिस्ती विचारवंत अँसेल्मने 'प्रोस्लोगिऑन' या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात जास्त चांगलं उत्तर दिलं आहे: खोटं बोलता येणं ही शक्ती नव्हेच, तो दुबळेपणा आहे. हे उत्तर मला बरंचसं पटतं. पण हेही समासात लिही.

सर्वज्ञतेवर फार रेंगाळू नकोस, पण तिथे एक चूक आहे ती टाळ. 'देवाला ठाऊक आहे म्हणजे ते घडणारच, म्हणून माणूस परतंत्र' असं तू लिहिलं आहेस. 'देवाला जे ठाऊक असतं ते घडतं' हे अटळपणे खरं असलं, तरी त्यावरून ती घटना स्वतः अटळ ठरत नाही. अविवाहित माणसाला पत्नी नसते हे अटळ सत्य आहे, म्हणून कुणी अविवाहित राहणं अटळ होत नाही. देवाची सर्वज्ञता आणि माणसाचं स्वातंत्र्य जुळत नाही, या नेल्सन पाइक यांच्या १९६५च्या मांडणीला बळ मिळतं ते आणखी एका विधानामुळे: भूतकाळ बदलता येत नाही. देवाचा तुझ्याबद्दलचा समज तू जन्मण्याआधीच झालेला आहे, तो चुकू शकत नाही आणि आता तो पुसताही येत नाही. तर उद्या तू वेगळं कसं वागशील? यावर 'जाणणं म्हणजे घडवणं नव्हे' हे उत्तर पुरत नाही, कारण देव घडवतो असं युक्तिवादात कुठे म्हटलेलंच नाही. रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने देवाला काळाच्या बाहेर नेऊन सुटका केली. पण काळाबाहेरच्या देवाला 'आत्ता' काय चाललं आहे हे कसं कळतं, आणि प्रार्थना ऐकून 'मग' तो काही करतो म्हणजे काय, हे प्रश्न लगेच उभे राहतात.

आता दुःखाकडे. जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये 'माइंड' नियतकालिकात मांडलेला युक्तिवाद सुटा करून लिही. देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण भला आहे, तरी जगात वाईट आहे. एवढ्यावर विसंगती सिद्ध होत नाही. तिला दोन जोडविधानं लागतात: भला असतो तो वाईट शक्य तितकं नाहीसं करतो, आणि सर्वशक्तिमानाला काय करता येईल याला मर्यादा नसते. तू ही दोन्ही गाळली आहेस, आणि प्रतिपक्ष नेमका तिथूनच आत शिरतो. ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये हल्ला केला तो दुसऱ्या विधानावर. स्वतंत्र माणसाने नेहमी चांगलंच निवडावं हे देवाला परस्पर घडवता येत नाही; घडवलं तर ती निवड त्या माणसाची राहत नाही. हे खरंच तसं आहे असं त्यांना दाखवावं लागत नाही, नुसतं शक्य आहे एवढं दाखवलं की विसंगतीचा आरोप कोसळतो. तार्किक विसंगतीचा दावा इथे फसला असं आज बरेच नास्तिक तत्त्वज्ञही मानतात, आणि निबंधात हे मोकळेपणाने कबूल करायला हरकत नाही.

पण आता समास बघ. देकार्तची वाट धरलेल्याला हा बचाव वापरताच येत नाही, कारण त्याचा देव स्वातंत्र्य देऊनही हवी ती निवड घडवू शकतो. आणि अँसेल्म? चूक करता न येणं हा देवाचा कमीपणा नव्हे, तरीही देव स्वतंत्र आहे, असं त्याला म्हणायचं आहे. मग वाईटाची शक्यता नसलेलं स्वातंत्र्य असतं, आणि तेच जास्त श्रेष्ठ! तसलंच माणसाला का दिलं नाही? मला हा सगळ्यांत धारदार प्रश्न वाटतो. त्याला तीन पानं दिलीस तरी चालतील.

माणसाच्या स्वातंत्र्याने भूकंपाचा हिशेब तर लागतच नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायबनिट्सने १७१० मध्ये हे जग शक्य जगांतलं सर्वोत्तम ठरवलं. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सणाच्या सकाळी चर्चमध्ये गर्दी असताना, पोर्तुगालमधलं लिस्बन शहर भूकंपाने हादरलं. मागून समुद्राची लाट आली आणि आगी लागल्या. त्यात कुणाची कसली निवड होती? विल्यम रो यांनी १९७९ मध्ये याहून लहान उदाहरण घेतलं, आणि लहान असल्यामुळेच ते टाळता येत नाही. दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो. एक पाडस भाजतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणी पाहिलेलं नाही, म्हणून कुणाला धडा मिळत नाही, कुणाची करुणा जागी होत नाही. रो 'अशक्य' म्हणत नाहीत; अशा दुःखामागे काही कारण असणं संभवत नाही, एवढंच म्हणतात. यावर स्टीफन विक्स्ट्रा यांचं १९८४चं उत्तर असं: देवाची कारणं आपल्याला दिसतीलच अशी अपेक्षा का धरावी? उत्तर पक्कं आहे, पण त्याचंही बिल येतं. देवाची कारणं आपल्या आवाक्याबाहेर असतील, तर धर्मग्रंथातून आपल्याला फसवण्यामागेही त्याचं एखादं उदात्त कारण असू शकेल. ते नाही हे कशावरून ठरवणार?

तुझ्या आराखड्यात भारतीय दर्शनं नाहीत, ही मोठीच उणीव आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हाच आक्षेप पूर्वपक्ष म्हणून येतो: कुणी सुखी, कुणी दुःखी, तर ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो. 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्' हे उत्तर (२.१.३४). ईश्वर प्राण्यांच्या कर्माकडे बघून सृष्टी करतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्या पिकांना सारखाच, भात की जव हे बीजावर ठरतं. लगेच पुढची शंका: पहिल्या सृष्टीआधी कर्मच नव्हतं, मग पहिली विषमता कुठून आली? उत्तर: पहिली सृष्टी असं काही नाही, संसार अनादि आहे (२.१.३५). दयाळूपणा शाबूत राहिला, पण ईश्वर कर्माशी बांधला गेला. मीमांसा दर्शनाच्या कुमारिल भट्टांनी 'श्लोकवार्तिका'त हाच धागा ओढला: फळं कर्मानेच मिळणार असतील तर मधल्या ईश्वराचं काम काय? करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणावं, तर करुणा करायला आधी कुणी होतंच कुठे? हेतूवाचून केलं म्हणावं, तर 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते', मंदबुद्धीसुद्धा प्रयोजनाशिवाय हालचाल करत नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, म्हणतात, अदृष्ट (कर्माचा साठलेला, न दिसणारा परिणाम) जड असतं, त्याला चालवायला चेतन अधिष्ठाता हवाच. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराची बाजू पद्धतशीर लढवली. मात्र त्यांचा ईश्वर परमाणू निर्माण करत नाही, जीवही नाही. असलेल्यांची रचना करतो. शून्यातून सगळं काढणाऱ्या देवाला मॅकींचा प्रश्न जितका बोचतो तितका या ईश्वराला बोचत नाही, कारण मुळात इथे अमर्याद शक्तीचा दावाच आवरता घेतलेला आहे. तुझं सूत्र इथे सर्वांत स्पष्ट दिसेल.

पहिल्या पानावरचं अवतरण तेवढं दुरुस्त कर. 'देवाला वाईट थांबवायचं आहे पण जमत नाही का?' हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या उपलब्ध लेखनात कुठेही नाही. लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने ते त्याच्या नावावर सांगितलं, तेही खोडून काढण्यासाठी. पुढे ह्यूमच्या 'डायलॉग्ज'मुळे, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापलेल्या पुस्तकामुळे, ते सर्वतोमुखी झालं. 'एपिक्युरसच्या नावावर सांगितलं जाणारं' असं लिही आणि पुढे जा. नवा आराखडा झाला की पाठव.

तुझी,
आई